भूकंपाआधी आकाशात काही दिसतं का? आयनांबर, रेडॉन आणि मराठवाड्याचं काळं रान

बालाघाट

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आणि १० जुलैला सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचे धक्के बसले. नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. असं काही झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत नकाशे फिरतात, "चार दिवस आधीच आयनोस्फिअरमध्ये लाल डाग होता" म्हणून. सोबत ढगांचे फोटो. ज्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे, तिथे असा एक नकाशा पुऱ्या गावाची झोप उडवतो.

या विषयावर खरं संशोधन चालू आहे, ते थोतांड नाही. पण लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोलीत बसून यातलं काय मोजता येतं, कशाने फसगत होते, हे मराठीत एका जागी सापडत नाही. जाणकारांनी आकड्यांनिशी लिहावं ही विनंती. "मला वाटतं" पेक्षा "असं मोजतात, इथे चुकतं" हे हवं आहे.

पूर्णाकाठ

आधी एक गल्लत दूर करू. भूकंपा*नंतर* आयनांबर (आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हलतं, यात वाद नाही. जमीन उभी हलली की हवेत दाबाची लाट उठते, वर जाताना हवा विरळ होत गेल्याने ती वाढत जाते आणि साधारण ८ ते १० मिनिटांत अडीचशे-तीनशे किमीवर पोचते. मोठ्या भूकंपांनंतर जीपीएसच्या नोंदींत ती स्वच्छ दिसते. फिरणाऱ्या नकाशांतले कित्येक या नंतरच्या लाटेचे असतात आणि खाली "आधी" असं लिहिलेलं असतं. नकाशा आला की पहिल्यांदा वेळ बघा, आणि ती जागतिक वेळ आहे की भारतीय हेही बघा. साडेपाच तासांच्या फरकाने नंतरचं आधीचं होतं.

भूकंपाआधीच्या बदलांबद्दल मुख्य दावे असे. तैवानमध्ये १९९९ ते २००२ मधले ६ किंवा जास्त परिमाणाचे २० भूकंप तपासले, त्यातल्या १६ च्या आधी १ ते ५ दिवसांत आयनांबरातली इलेक्ट्रॉनसंख्या घटलेली सापडली. फ्रान्सचा डेमेटर उपग्रह २००४ ते २०१० मुख्यतः याच कामासाठी फिरत होता. त्याच्या नोंदी सुमारे नऊ हजार भूकंपांशी जुळवल्यावर उथळ भूकंपांच्या आधीच्या शून्य ते चार तासांत, रात्रीच्या वेळी, १.७ किलोहर्ट्झच्या आसपास लहरींची ताकद काही डेसिबलने घटलेली दिसली. २०११ च्या जपानच्या ९.० परिमाणाच्या भूकंपाआधी सुमारे ४० मिनिटं इलेक्ट्रॉनसंख्या वाढली होती, असं जपानी संशोधक हेकी यांनी मांडलं. त्यावर आक्षेप असा की भूकंपानंतर आयनांबरात खळगा पडला, आणि आधी-नंतर जोडून आधाररेषा काढल्यामुळे आधीचा भाग उगाच उंच दिसला. तो वाद आजही मिटलेला नाही.

तेरणाथडी

यंत्रणा काय सांगितली जाते ते लिहितो, कारण मराठवाड्याच्या दृष्टीने खरी मेख तिथेच आहे.

पुलिनेट्स आणि औझुनोव्ह या संशोधकांची साखळी अशी: खडकावर ताण आला की बारीक भेगा पडतात, जमिनीतला किरणोत्सारी रेडॉन वायू वर येतो, त्याच्या अल्फा कणांनी हवेत आयन तयार होतात, आयनांभोवती पाण्याची वाफ जमते, वाफेची सुप्त उष्णता सुटते, हवेची विद्युतवाहकता बदलते आणि तो बदल वरपर्यंत पोचतो. फ्रॉइंड या दुसऱ्या संशोधकाचा मार्ग वेगळा. ताणाखाली अग्निजन्य खडकातले ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटून धन प्रभार वाहू लागतात, रेडॉनची गरजच नाही.

पहिली साखळी आकड्यांत घालून पाहू. रेडॉन-२२२ चा एक अल्फा कण ५.४९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे तो दीड लाखाच्या आसपास आयनजोड्या करतो. ऐकायला प्रचंड वाटतं. पण जमिनीलगत हवेत एरवी दर घनसेंटिमीटरला दर सेकंदाला साधारण १० जोड्या होतात. धरून चालू की हे दहापट झालं, १०० जोड्या म्हणजे २०० आयन, आणि तेही शंभर मीटर उंचीपर्यंत. एक चौरस मीटरच्या स्तंभात दर सेकंदाला २००० कोटी आयन झाले. उपग्रहाला दिसेल अशी १० वॅट प्रति चौरस मीटर उष्णता हवी असेल तर सेकंदाला ४ मिलिग्रॅम वाफ जमायला हवी. भागाकार केला तर दर आयनामागे सुमारे ६७० कोटी पाण्याचे रेणू येतात, म्हणजे पाऊण मायक्रॉनचा थेंब. एप्रिलच्या दुपारी उदगीरला हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांवर असताना असा थेंब टिकत नाही. साखळीतला हा दुवा मला सर्वांत कच्चा वाटतो. समुद्राकाठच्या दमट हवेत थोडी जागा आहे, इथे फारच कमी.

बालाघाट

तेरणाथडी, हिशोब नीट कळला. पण रेडॉन जमिनीत वाढतो हे तरी मोजता येतं ना? १९९५ च्या कोबे भूकंपाआधी तिथल्या भूजलात रेडॉन वाढला होता असं वाचलं आहे.

काळीमाती

कोबेची नोंद खरी आहे. आता आपल्या जमिनीत उतरू.

रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८२ दिवस. नुसत्या विसरणाने तो मातीत मीटर-दीड मीटरच सरकतो. त्यापेक्षा खोलातून यायचा तर कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूच्या किंवा पाण्याच्या पाठीवर, भेगांतून. किल्लारीला पुढे खोल बोअर घेतली तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, मग पातळ गाळाचा थर, मग ग्रॅनाइट-नाइस. बेसाल्टात युरेनियम अगदी थोडं, ग्रॅनाइटात कित्येक पट जास्त. म्हणजे लातूर-औशाकडे मूळ पातळीच कमी आणि खालचा रेडॉन वर पोचायला वाट लांब. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडला आहे, तिथली पातळी वेगळी. दोन गावांचे आकडे शेजारी ठेवून "इथे जास्त, म्हणून धोका" म्हणणं चूक आहे.

मोजणी अशी. एलआर-११५ नावाची लाल रंगाची सेल्युलोज नायट्रेट फिल्म मिळते. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा प्लॅस्टिकच्या पेल्याच्या तळाला आतून चिकटवायचा, पेला उपडा करून ६० ते ८० सेंटिमीटर खोल खड्ड्यात ठेवायचा. पेल्याच्या तोंडाला पातळ पडदा हवाच. तो नसेल तर थोरॉन (रेडॉनचाच अल्पायुषी भाऊबंद) आत शिरतो. थोरॉनचं अर्धायुष्य ५५ सेकंद, तो पडदा ओलांडेपर्यंत बहुतेक संपतो. वर पाटी, पाटीवर माती. पंधरा दिवसांनी काढायची. २.५ नॉर्मल कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, ६० अंशांवर ९० मिनिटं, पाण्याच्या टबात तापमान एका अंशात धरून. हातमोजे आणि चष्मा घालूनच. आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. मग धुऊन, सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली खुणा मोजायच्या. तापमान दोन अंश चुकलं तरी खुणांचा आकार बदलतो आणि आकडा घसरतो.

खरी फसगत काळ्या मातीत आहे. मार्चपासून रान भेगाळतं, मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जमिनीतला वायू तिथून सुटतो. भेगेजवळचा पेला आणि चार फुटांवरचा पेला वेगवेगळं सांगतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की माती फुगते, तोंड बंद होतं आणि खाली रेडॉन साठतो. आकडा एकदम चढतो. जूनमधल्या त्या चढाचा भूकंपाशी संबंध नाही. हवेचा दाब घटला की आकडा वाढतो. शेजारच्या बोअरला आठ तास मोटार चालली की जमिनीतली हवा ओढली जाते. म्हणून पेल्याशेजारी मातीचा ओलावा, तापमान, हवेचा दाब आणि मोटारीचे तास लिहिलेले नसतील तर पंधरा दिवसांची मेहनत वाया समजा. जागा निवडायची तर काळ्या रानात नको, मुरमाड माळावर घ्या.

औंढा_परिसर

ढगांचं कुणी सांगेल का? वसमतकडे पट्ट्यापट्ट्यांचे ढग दिसले की लोक घाबरतात. पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात, त्याच्याशी याची सांगड घालतात.

पूर्णाकाठ

पट्ट्यांचे ढग म्हणजे मधल्या उंचीवर वाऱ्याच्या थरांत उठलेल्या लाटा, किंवा विमानाच्या मागे गोठलेल्या वाफेची रेघ पसरलेली. त्यांना भूकंपाशी जोडणारी पडताळता येईल अशी एकही नोंद नाही.

आवाजाचं कारण वेगळं आणि साधं आहे. अगदी उथळ, एक-दोन परिमाणाचा बारीक धक्का कठीण बेसाल्टात बसला की त्याच्या पहिल्या लहरींतली उच्च कंपनं फारशी न विरता जमिनीतून हवेत उतरतात आणि कानाला ऐकू येतात. धक्का पायाला जाणवत नाही, आवाज मात्र येतो. म्हणजे तो आवाज हाच भूकंप आहे, लहानसा. त्याची नोंद भूकंपमापकावर होते, आकाशात नाही.

मांजराखोरे

आता आयनांबराकडे. नीट लिहितो, म्हणून लांबेल.

जे मोजतात ते टीईसी, म्हणजे उपग्रह ते जमीन एक चौरस मीटर छेदाच्या नळीतले एकूण इलेक्ट्रॉन. एकक म्हणजे दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन, एक टेकू (टीईसी युनिट). जीपीएसच्या दोन लहरी, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ, आयनांबरात वेगवेगळ्या रेंगाळतात. दोन्हींनी मोजलेल्या अंतरांत एक मीटर फरक म्हणजे ९.५२ टेकू. गणित सोपं, घोळ पुढे आहे.

उपग्रह आणि रिसीव्हर दोघांच्याही आत दोन लहरींना वेगवेगळा उशीर होतो. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे २.८५ टेकू. उपग्रहांची दुरुस्ती प्रसिद्ध होते, रिसीव्हरची आपल्याला काढावी लागते आणि ती तापमानाबरोबर सरकते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला रिसीव्हर एप्रिलमध्ये दुपारी तापतो आणि आयनांबरात काही नसताना टीईसी दोन-तीन टेकूंनी हललेलं दाखवतो. अशा चुकीची ओळख एकच, ती सर्व उपग्रहांवर एकसारखी दिसते.

दुसरा घोळ जागेचा. उपग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर त्याची रेषा ४५० किमी उंचीचा थर आपल्या डोक्यावर ओलांडत नाही, सुमारे ६७० किमी लांब ओलांडते. लातूरहून दक्षिणेकडचा असा उपग्रह प्रत्यक्षात कर्नाटकातल्या म्हैसूरच्या आसपासचं आयनांबर मोजतो. "लातूरवरचा डाग" म्हणताना हे विसरलं जातं. ६० अंशांच्या वरचेच उपग्रह घेतले तर जागा बरी, पण नोंदी तुटक होतात. इथे नाविक आणि गगन या भारताच्या दिशादर्शक यंत्रणांचे भूस्थिर उपग्रह कामाचे, कारण त्यांची रेषा थराला जवळजवळ एकाच बिंदूत छेदते आणि दिवसभर तीच जागा मोजता येते.

तिसरा, मोठा. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथलं प्लाझ्मा, म्हणजे आयनांबरातला विद्युतभारित वायू, कारंज्यासारखं वर उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना खाली येतं, उत्तरेचा उंचवटा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. मराठवाडा त्या उताराच्या मधोमध. कारंजं थोडं जोरात चाललं की उंचवटा उत्तरेला सरकतो, मंदावलं की खाली येतो, आणि आपल्या डोक्यावरचा आकडा वीस-तीस टक्क्यांनी सहज हलतो, तेही सूर्य शांत असताना. कारंज्याचा जोर तपासायचा उपाय आपल्याच राज्यात आहे. तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची वजा करा, दुपारचा फरक जास्त म्हणजे कारंजं जोरात. ही वजाबाकी न करता मराठवाड्यावरच्या टीईसीबद्दल काहीही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला, सूर्य सक्रिय असेल तर, संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र प्लाझ्माचे बुडबुडे उठतात. सिग्नल थरथरतो, मोजणीची साखळी तुटते, तुटलेल्या जागी खोटा उंच सुळका उभा राहतो. किल्लारीचा आणि मार्च २०२४ चा महिना नेमका याच हंगामात येतो.

नोंदी मिळवायच्या तर सर्वांत जवळचं आंतरराष्ट्रीय जाळ्यातलं ठाणं हैदराबादचं, लातूरपासून सुमारे २३५ किमी. दर ३० सेकंदांच्या नोंदी मोफत मिळतात. तयार जागतिक नकाशे वापरू नका. त्यांची जाळी अक्षांशात अडीच अंश आणि रेखांशात पाच अंशांची. पाच अंश म्हणजे इथे सव्वापाचशे किमी, मधलं सगळं गुळगुळीत केलेलं. "हिंगोलीवरचा डाग" त्या जाळीत बसूच शकत नाही.

तेरणाथडी

यात सूर्याची चाळणी जोडतो. केपी आणि डीएसटी हे सूर्यामुळे उठणाऱ्या चुंबकीय वादळांचा जोर दाखवणारे निर्देशांक. केपी ३ च्या वर किंवा डीएसटी उणे ३० च्या खाली गेलेला दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस बाद. मे २०२४ च्या १०-११ तारखेच्या वादळात केपी ९ ला पोचला होता. २४ मार्च २०२४ लाही मोठं वादळ झालं, हिंगोलीच्या धक्क्यानंतर तीनच दिवसांनी. कुणी पुढचे-मागचे दिवस मिळून मध्यक काढला असेल तर ते वादळ आधाररेषेत मिसळलं आणि २१ तारखेच्या आधीचे दिवस "कमी" दिसू लागले. मध्यक फक्त मागच्या १५ दिवसांचा घ्यायचा.

गोदातीर

नेहमीची रीत अशी: मागच्या १५ दिवसांचा त्या तासाचा मध्यक, त्याला अधिक-उणे दीडपट चतुर्थक-अंतर (मधल्या निम्म्या नोंदींचा पसारा), बाहेर गेला तो तास "विसंगत". साध्या वाटणीत ही मर्यादा २.०२ प्रमाण विचलनांवर बसते. म्हणजे काहीही घडत नसताना ४.३ टक्के तास बाहेर जाणारच, दिवसाला साधारण एक तास.

पुढचा हिशोब जास्त महत्त्वाचा. समजा नियम कडक केला आणि वर्षातले ६० दिवसच विसंगत ठरले. भूकंपाआधीच्या ५ दिवसांत त्यातला एक तरी दिवस योगायोगाने सापडण्याची शक्यता किती? ३०५ भागिले ३६५, त्याचा पाचवा घात, एकातून वजा. उत्तर ५९ टक्के. कोणतेही दहा भूकंप घ्या, सहांच्या आधी "चिन्ह" सापडेल. मुदत १५ दिवसांची केली तर ९३ टक्के.

भूकंप घेऊन मागे चिन्ह शोधणं सोपं असतं. चिन्ह घेऊन पुढे भूकंप शोधा आणि रिकामे गेलेले इशारेही मोजा.

पूर्णाकाठ

गोदातीर यांचा मुद्दा पटतो, पण त्यावरून सगळं मोडीत काढू नये. डेमेटरच्या अभ्यासात नेमकी हीच खबरदारी घेतली होती. भूकंपांच्या जागा आणि वेळा मुद्दाम बदलून तीच प्रक्रिया पुन्हा चालवली, तेव्हा ती घट दिसली नाही. परिणाम लहान आहे, हजारो भूकंपांच्या बेरजेत दिसतो, एकेकट्यात नाही. चीन आणि इटलीचा झांगहेंग-१ फेब्रुवारी २०१८ पासून सुमारे ५०० किमीवरून तेच काम पुढे नेतो आहे. कुतूहल ठेवण्याइतका पुरावा आहे, गावात दवंडी देण्याइतका नाही.

बालाघाट

मग इथल्या हौशी माणसाने काय करावं? विज्ञान मंडळ किंवा कॉलेजला जमेल असं काही?

मांजराखोरे

व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींची नोंद. खर्च सर्वांत कमी.

तमिळनाडूत विजयनारायणम् इथून नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण चालतं. लातूर तिथून सरळ उत्तरेला, सुमारे ११०० किमी. या लहरी जमीन आणि आयनांबराचा सर्वांत खालचा थर यांच्यामधून येतात, त्यामुळे तो ६० ते ९० किमीवरचा थर खाली-वर झाला की सिग्नलची ताकद बदलते. ४८ किलोहर्ट्झच्या साध्या साउंड कार्डला २४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वेगळा रेडिओ नको.

अँटेना: पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा चौकोन, त्यावर २६ गेजची इनॅमल तार ४० वेढे. १६० मीटर तार लागते, वजनात पाव किलोच्या आत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. चौकोनाचं प्रतल दक्षिणोत्तर. खांबाजवळच लहान प्रवर्धक, तिथून पीळ दिलेली तारेची जोडी घरात. लॅपटॉप आधी बॅटरीवर चालवून बघा. चार्जर लावल्यावर आलेखाचा तळ वर उचलला गेला तर चार्जरच गोंगाट करतो आहे. डीपी, इन्व्हर्टर, एलईडी ट्यूब आणि विशेषतः सौर पंपाचा ड्राइव्ह, यांपासून किमान तीस-चाळीस मीटर लांब. सौर पंप उन्हाबरोबर सुरू होतो नि उन्हाबरोबर थांबतो, म्हणून त्याचा गोंगाट अगदी आयनांबराच्या दैनिक लयीसारखा दिसतो. हीच चूक सर्वांत उशिरा लक्षात येते.

एक सावधगिरी. कोबेच्या वेळी सूर्योदय-सूर्यास्ताच्या खळग्यांची वेळ सरकल्याची पद्धत वापरली गेली, पण तो मार्ग पूर्व-पश्चिम होता. आपला दक्षिणोत्तर, त्यावर संध्याकाळ जवळजवळ एकाच वेळी उतरते, खळगे नीट वेगळे पडत नाहीत. इथे रात्रीची सरासरी ताकद आणि तिची चलबिचल मोजावी. प्रक्षेपण मधूनमधून बंद असतं, तो काळ रिकामा सोडा, शून्य लिहू नका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये वळवाच्या विजांचा कडकडाट नोंदीत शिरतो.

गोदातीर

भूकंपाआधीच्या बदलांचा प्रभाव किती लांब पोचतो हे सांगणाऱ्या दोब्रोवोल्स्कीच्या सूत्राने, दहाचा ०.४३ गुणिले परिमाण इतका घात, ४.५ च्या धक्क्याचा प्रभाव ८६ किमी आणि ६.२ चा सुमारे ४६० किमी. दावे बहुतेक साडेपाच-सहाच्या वरचे. किल्लारीसारखा धक्का इथे पुन्हा येईपर्यंत थांबून काही सिद्ध करायचं तर पिढ्या जातील.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या हातात आहे. मोठे भूकंप क्वचित होतात तिथे नोंदी ठेवल्या तर भूकंपाशिवाय किती "चिन्हं" येतात ते कळतं. हा आकडा जपान-तैवानकडून मिळत नाही, तिथे प्रत्येक विसंगतीच्या पुढे-मागे कुठला ना कुठला भूकंप असतोच. अशा कामाला मराठवाड्याइतकी चांगली जागा क्वचित मिळेल.

औंढा_परिसर

गावात विचारलं तर काय सांगायचं?

काळीमाती

घर बघा म्हणायचं. किल्लारी-सास्तूरला माणसं गेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती चढत असेल तर आधी जुनी उतरवा. भिंतीचे दोन पदर जोडणारे आरपार दगड नसतील तर गवंड्याकडून दर मीटर-सव्वामीटरला घालून घ्या, म्हणजे पदर सुटून पोटात फुगणार नाहीत. धक्का कुठे नि किती, ते राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या भूकंप अ‍ॅपवर काही मिनिटांत येतं.

मांजराखोरे

गोदातीर यांच्या सूचनेप्रमाणे नोंदवहीचे रकाने ठरवू: तारीख, भारतीय वेळ, व्हीएलएफची रात्रीची सरासरी, चलबिचल, प्रक्षेपण बंद असलेली मिनिटं, केपी, डीएसटी, तिरुनेलवेली-अलिबाग फरक, ५० किमीतल्या विजा हो किंवा नाही, आणि शेवटी "विसंगत" हो किंवा नाही. हा शेवटचा रकाना त्याच दिवशी रात्री दहाच्या आत आदल्या रात्रीसाठी भरायचा, भूकंपाचं अ‍ॅप उघडायच्या आधी. विसंगतीचा नियम आजच या धाग्यावर लिहून गोठवू: मागच्या १५ स्वीकृत रात्रींचा मध्यक, दीडपट चतुर्थक-अंतर, सलग दोन रात्री बाहेर. बदल करायचा असेल तर नवीन वही, जुनी तशीच ठेवायची.

बालाघाट

मान्य. चुंबकीय फरकाचा रकाना दुपारी १२ च्या आधीच्या तासाचा धरायचा की दिवसाच्या कमाल फरकाचा?

मांजराखोरे

११ ते १२ चा सरासरी, त्यातून मध्यरात्रीची पातळी वजा करून. कमाल धरली तर वादळाच्या दिवशी ती भलत्याच वेळी येते.